एकाच हॉपची पेल एल कडूजहर झाली, आता दोन-तीन हॉप मिसळू का? (इंदूर, २० लिटर बॅच)

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे आपण दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे पक्कं होईल. तुम्ही इंदूरमधल्या एका परवानाधारक ब्रू-पबमध्ये नवीन लागलात, मालकांनी २० लिटरचा होमब्रू सेटअप ट्रायलसाठी दिलाय. तुम्ही अमेरिकन पेल एलची एक जुनी रेसिपी घेतली, त्यात कॅस्केड हॉप होता (हॉप म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारं वेलीचं फूल), तुमच्याकडे सिट्रा होता म्हणून कॅस्केडच्या जागी तेवढाच सिट्रा टाकला. ५० ग्रॅम बॉइल सुरू होताना, म्हणजे वर्ट (माल्टचं, मोड आणून वाळवलेल्या जवाचं गोड पाणी) उकळायला लागताना, २५ ग्रॅम शेवटची २० मिनिटं उरली असताना आणि २५ ग्रॅम शेवटच्या ५ मिनिटांना. बिअर तयार झाली तर घशात अडकून बसणारा कडूपणा, बाटलीत भरताना थोडा आंब्या-संत्र्याचा वास होता तोही पंधरा दिवसांत गेला, आणि सिनियरनी सांगितलं की एकाच हॉपची बिअर अशीच एकांगी लागते, दोन-तीन मिसळ.

सिनियरांचा मान ठेवून सांगतो, इथे मिसळून काही सुटणार नाही. तुमची अडचण एकाच हॉपची नाहीये, ती ग्रॅमची आहे, वेळेची आहे, आणि मला बराच संशय आहे की पाण्याचीही आहे. तीन हॉप मिसळले असते तरी हेच झालं असतं, फक्त कुठला हॉप जबाबदार हे कळलं नसतं. एका हॉपवर बिअर करण्याचा मोठा फायदाच हा की चूक लपत नाही, सरळ जिभेवर येते.

एक गोष्ट इतर वाचणाऱ्यांसाठी. मध्य प्रदेशात १९१५ चा आबकारी कायदा आहे आणि परवान्याशिवाय मद्य बनवणं हा गुन्हा आहे, त्यामुळे सुदामानगरच्या गच्चीवर बादली मांडून हे करायला जाऊ नका. मी स्वतः होमब्रूइंग शिकलो ते परदेशात, जिथे घरी करायला परवानगी होती, आणि इथे आल्यापासून परवाना असलेल्या जागीच करतो. तुमचंही तसंच आहे म्हणून मोकळेपणाने लिहितोय.

आता ग्रॅम. हॉपचा कडूपणा त्यातल्या अल्फा ॲसिडमधून येतो. हे ॲसिड उकळताना रूप बदलतं आणि मगच वर्टमध्ये नीट विरघळतं, जितका वेळ उकळाल तितकं जास्त. कॅस्केडमध्ये अल्फा साधारण साडेचार ते सात टक्के असतो. सिट्रात अकरा ते तेरा, कधी त्याहून वर. म्हणजे वजन तेवढंच घेतलं तरी कडूपणाचा माल दुप्पट पडला. हिशोब करून बघा, ५० ग्रॅम सिट्रा, अल्फा १२.५ टक्के धरू, म्हणजे ६२५० मिलिग्रॅम अल्फा, २० लिटरला भागलं की लिटरमागे ३१२. एक तास उकळल्यावर १.०५० च्या आसपास ग्रॅव्हिटीच्या (साखरेमुळे पाण्याच्या तुलनेत किती घट्ट, तो आकडा) वर्टमध्ये यातला सुमारे २३ टक्के भाग कामी येतो, म्हणजे ७२ आयबीयू (कडूपणा मोजायचं एकक) नुसत्या पहिल्या टाकणीतून. त्यात २० मिनिटांवाल्या २५ ग्रॅममधून अजून वीसेक, ५ मिनिटांवाल्यातून सातेक. एकूण शंभरच्या जवळ. पेल एल ३० ते ५० मध्ये छान बसते. आता सांगा, यात बिचाऱ्या सिट्राचा काय दोष?

ती रेसिपी अशी का लिहिलेली असते त्यालाही कारण आहे. कॅस्केड १९७२ मध्ये ओरेगॉनमधून बाहेर आला, अमेरिकन सरकारच्या शेती खात्याच्या हॉप-पैदास कार्यक्रमातून, आणि १९७५ ची अँकरची लिबर्टी एल, १९८० ची सिएरा नेवाडाची पेल एल यांनी त्याचं ते ग्रेपफ्रूटसारखं मोसंबी वळण लोकांच्या जिभेवर बसवलं. त्यामुळे जुन्या अमेरिकन पेल एलच्या बऱ्याच घरगुती रेसिप्या कॅस्केडचे ग्रॅम धरून लिहिलेल्या आहेत. सिट्रा, मोझेक ही नंतरची मंडळी, सिट्रा २००८ च्या सुमारास, मोझेक २०१२ मध्ये, आणि दोघंही अल्फाला तगडे. म्हणून हॉप बदलायचा तर ग्रॅम कॉपी करायचे नाहीत, अल्फा बघून कडूपणाचे ग्रॅम परत काढायचे. १० ग्रॅम सिट्रा तासभर उकळला तर जेवढा कडूपणा येतो तेवढ्यासाठी कॅस्केड २० ग्रॅमच्या वर लागतो. आणि अल्फा म्हणजे पाकिटावर छापलेला, नेटवरचा सरासरी आकडा नाही, कारण दरवर्षीच्या पिकाप्रमाणे तो बदलतो.

इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर आहे, पाणी इथे ९८ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून अल्फा थोडा कमी कामी येतो. हे फक्त माहितीसाठी. शंभर आयबीयूच्या गोंधळात दोन-चार इकडेतिकडे, त्याने तुमचं काही वाचलं नसतं.

दुसरी गोष्ट वेळ, आणि वासाचं सगळं रडगाणं इथेच आहे. सिट्राचा जो आंबा-लिची-मोसंबीचा वास आहे तो हॉपच्या तेलांमध्ये असतो आणि ही तेलं भयंकर उडनशील. त्यातला मायर्सीन तर उकळत्या भांड्यातून पाच-दहा मिनिटांत बराचसा वाफेबरोबर निघून जातो. म्हणजे कडूपणाला उकळणं हवं आणि वासाला उकळणं नको. आपण इंदूरचे लोक पोह्यावर जिरावन प्लेट हातात देताना वरून भुरभुरतो, कढईत पोह्यांबरोबर वाफवत बसत नाही, हॉपच्या वासाचंही तसंच समजा. तुम्ही १०० च्या १०० ग्रॅम उकळत्या भांड्यात घातले, त्यामुळे किचनमध्ये मस्त वास आला असणार, ग्लासात कुठून येणार.

मी तुमच्या जागी असतो तर तेवढ्याच २० लिटरला सिट्रा असा वाटला असता. बॉइल सुरू झाल्यावर १५ ग्रॅम, पूर्ण तासासाठी, यातून २० ते २२ आयबीयू. शेवटची १० मिनिटं राहिली की अजून १५ ग्रॅम, त्याचे आठेक. मग गॅस बंद, वर्ट ८० अंशांपर्यंत खाली आणायचा आणि मगच ३० ग्रॅम टाकून गोल ढवळून २० मिनिटं झाकून ठेवायचं, याला व्हर्लपूल म्हणतात. ८० ला अल्फा फार हळू बदलतो, म्हणून कडूपणा थोडाच वाढतो आणि तेलं बऱ्यापैकी आत राहतात. आणि उरलेले ६० ग्रॅम फर्मेंटेशन संपत आल्यावर ड्राय हॉप, म्हणजे न उकळता थेट बिअरमध्ये, लिटरमागे ३ ग्रॅम. एकूण १२० ग्रॅम झाले, म्हणजे तुमच्यापेक्षा हॉप जास्त आणि कडूपणा तिसऱ्या हिश्श्यावर. पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटतं पण करून बघा.

ड्राय हॉप किती दिवस, यावर लोक भांडतात. माझा अनुभव असा की १८ अंशांच्या आसपास तीन दिवस पुरतात, चारच्या पुढे गेलात की गवताचा, हिरव्या पानाचा वास डोकावायला लागतो आणि मिळत काहीच नाही. शिवाय हॉपमध्ये स्वतःचे एन्झाइम असतात, ते यीस्टने न खाल्लेल्या जड साखरा फोडतात आणि यीस्ट परत कामाला लागतं. म्हणून ड्राय हॉपनंतर लगेच बाटलीत भरू नका. ग्रॅव्हिटी दोन-तीन दिवस लागोपाठ तेवढीच आली पाहिजे. नाहीतर बाटलीत गॅस वाढत जातो आणि काच फुटते, यात हात-डोळे जाऊ शकतात, ही गोष्ट अजिबात हलकी घेऊ नका. परत चाललेल्या फर्मेंटेशनमुळे लोण्यासारखा वासही येतो, त्यालाही दोन-तीन दिवस जास्त दिले की यीस्ट तो स्वतःच आवरून घेतं.

आता पाणी. तुम्ही लिहिलंय की नर्मदेचा नळ एक दिवसाआड येतो म्हणून बोरिंगचं पाणी वापरलं. माझा सगळ्यात जास्त संशय यावरच आहे. माळव्याखाली काळा बेसाल्ट आहे आणि शहरातल्या बऱ्याच बोरिंगांचं पाणी जड, बायकार्बोनेटने भरलेलं. गीझरच्या कॉइलवर आणि पातेल्याच्या तळाला जो पांढरा थर बसतो ना, तोच. बायकार्बोनेट मॅशचा (गरम पाण्यात भिजवलेल्या माल्टचा) पीएच वर ओढतं. आपल्याला मॅश ५.२ ते ५.४ मध्ये हवा. फिकट माल्टची पेल एल असेल तर माल्टमध्ये तेवढी आम्लता नसते की असं पाणी सांभाळेल, काळ्या भाजलेल्या माल्टची स्टाउट त्याच पाण्यात बरी होते. पीएच वर गेला की दोन गोष्टी होतात, हॉपचा कडूपणा खरबरीत आणि जाडाभरडा लागतो, आणि दाणे धुताना सालीतून तुरट टॅनिन उतरतं.

यातलं तुमचं कुठलं, हे ओळखायची सोपी रीत आहे. एक घोट घ्या, गिळा, आणि मनात वीस मोजा. कडूपणा जिभेच्या मागच्या बाजूला जोरात येऊन हळूहळू विरत असेल तर तो नुसता जास्त हॉपचा कडूपणा. पण वीस मोजून झाल्यावरही हिरड्या आणि गाल आतून कोरडे पडल्यासारखे वाटत असतील, जीभ टाळूला घासली तर खरखर लागत असेल, तर ते टॅनिन, आणि ते पाण्या-पीएचचं काम. तुमच्या वर्णनात ‘घशात अडकून बसणारा’ असं आहे म्हणून मला दोन्ही असावेत असं वाटतंय, पण चव घेतल्याशिवाय ठामपणे नाही सांगणार.

उपाय महाग नाही. आरओचं पाणी घ्या, ३० लिटर, मॅश आणि धुणं दोन्ही धरून. त्यात ६ ग्रॅम जिप्सम आणि २ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड, दोन्ही फूड ग्रेडचेच, रांगोळीवाल्याकडचं जिप्सम नको. यातून कॅल्शियम साठ-पासष्ट पीपीएम आणि सल्फेट एकशे दहाच्या घरात जातं, क्लोराइड तीसेक. सल्फेटमुळे कडूपणा स्वच्छ, कोरडा आणि लवकर संपणारा लागतो. इंग्लंडमधल्या बर्टनचं पेल एलसाठी जे नाव झालं त्यामागे तिथल्या विहिरींचं जिप्समवालं पाणीच होतं. एवढं करूनही फिकट माल्टचा मॅश थोडा वर बसला तर लॅक्टिक ॲसिड थेंब-थेंब, पण मीटरने मोजून, अंदाजाने नाही. आणि नर्मदेचं पाणी आलं त्या दिवशी ते वापरायचं असेल तर हरकत नाही, जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर चढवून आणलेलं ते पाणी साधारणपणे बोरिंगपेक्षा हलकं असतं, पण त्यात क्लोरीन असतो. क्लोरीन राहिला तर बिअरला दवाखान्याचा, पट्टीचा वास येतो आणि तो मग जात नाही. २० लिटरला पाव ग्रॅमच्या आसपास पोटॅशियम मेटाबायसल्फाइट ढवळलं की क्लोरीनचा निकाल लागतो. तरी एकदा लॅबमधून रिपोर्ट काढूनच घ्या, कारण इथे एका गल्लीच्या बोरिंगचा दुसऱ्या गल्लीच्या बोरिंगशी मेळ नसतो, आणि उन्हाळ्याचा-पावसाळ्याचाही फरक पडतो.

पंधरा दिवसांत वास गेला, त्याचं बरंचसं खापर ऑक्सिजनवर. वासाची तेलं हवेला फार घाबरतात. नळाखाली बाटली धरून वरून धार सोडली की फेसाबरोबर हवा आत गेलीच समजा. बाटलीच्या तळापर्यंत पोचणारी नळी लावा, खालून वर भरत या, मानेत जागा कमी ठेवा, आणि फेस झाकणापर्यंत आला की त्या फेसावरच बूच मारा. ब्रू-पबमध्ये सीओटूचा सिलिंडर असतोच, बाटल्या किंवा केग आधी त्याने भरून घ्या. बाटलीत गॅस करायचा असेल तर लिटरमागे सहा ग्रॅम साखर, सिरप करून, शांतपणे मिसळायची. आणि नंतर थंड ठेवायच्या, मे महिन्यात स्टोअररूममध्ये ठेवलेल्या हॉपी बिअरचा वास टिकेल ही अपेक्षाच करू नये.

तापमानाचं तुम्ही काही लिहिलं नाही, पण इंदूर आहे म्हणून विचारतोच. फर्मेंटर कुठे होता? यूएस-०५ सारखं यीस्ट १८ ते २० ला स्वच्छ काम करतं, एकच हॉप दाखवायचा असेल तर तेच हवं. एप्रिल-मेमध्ये खोली चौतीस-पस्तीसला असते, फर्मेंटेशनची स्वतःची उष्णता वरून दोन-चार अंश, त्यात यीस्ट जे जड अल्कोहोल आणि फळकट एस्टर बनवतं ते हॉपवर चढून बसतात, मग कुठला वास हॉपचा आणि कुठला यीस्टचा हेच कळत नाही. जुना फ्रिज आणि एक साधा टेम्परेचर कंट्रोलर, यापेक्षा चांगला खर्च दुसरा नाही. तोपर्यंत फर्मेंटरला ओली चादर गुंडाळून समोर पंखा, हे उन्हाळ्यात कोरड्या हवेत खरंच चालतं, चार-पाच अंश उतरतात, पावसाळ्यात मात्र काही उपयोग नाही कारण ओलाव्यात पाणी उडतच नाही. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडची बंद खोली आपोआप योग्य तापमानाला येते, उलट रात्री जास्त गार पडून यीस्ट झोपणार नाही एवढं बघायचं. कुणी म्हणेल नॉर्वेचं क्वाइक यीस्ट वापर, ते पस्तीसलाही छान चालतं. खरं आहे, मलाही आवडतं, पण त्याच्या काही जाती स्वतःचा संत्र्याचा वास देतात, आणि आत्ता तुम्हाला हॉप वाचायला शिकायचंय.

हॉपचं पाकीटही तपासा. इथे येणारा बहुतेक चांगला हॉप अमेरिका, जर्मनी, न्यूझीलंडमधून येतो, वाटेत आणि गोदामात किती दिवस कुठल्या उन्हात होता देव जाणे. पीक कुठल्या वर्षाचं ते पाकिटावर बघा. मग एक पेलेट (हॉपची दाबून बनवलेली गोळी) तळहातावर घेऊन अंगठ्याने चुरडा, दोन्ही हात चोळा आणि नाकाशी ओंजळ धरा. आत ऑलिव्हसारखा हिरवा रंग, हाताला चिकट, आणि सिट्रा असेल तर आधी मोसंबीची साल मग पिकलेला आंबा असा वास आला पाहिजे. चुरा तपकिरी, कोरडा, आणि वास जुन्या चीजचा किंवा घामट मोज्याचा आला तर कितीही ग्रॅम टाका, तो हॉप गेला. उघडलेलं पाकीट हवा काढून, सील करून फ्रीझरमध्येच. काउंटरवर रबरबँड लावून ठेवलेला हॉप इंदूरच्या उन्हाळ्यात लवकरच संपतो.

माल्टबद्दल फार बोलायला नको. साडेचार किलो पेल माल्ट, सत्तर टक्के एफिशियन्सी (माल्टमधली किती साखर उतरते) धरली तर २० लिटरला १.०४७ च्या आसपास ग्रॅव्हिटी मिळते, मॅश ६६ अंशांना तासभर. क्रिस्टल माल्ट टाकायचाच तर दोन-तीनशे ग्रॅमच्या वर नको, त्याचा गोडवा सिट्राला जॅमी करतो. बॉइल उघड्या भांड्यात, झाकण ठेवून नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न, मिसळायचे की नाही. हे तुम्हाला काय करायचंय त्यावर आहे. पबमध्ये विकायला गोल, भरलेली पेल एल हवी असेल तर दोन हॉप मिसळणं अगदी योग्य, आणि काही हॉप खरंच एकट्याने जरा एकसुरी लागतात, जोडीला मात्र सुंदर. सिट्रा त्यातला नाही, कॅस्केड नाही, मोझेकही नाही, यांच्यात एकट्याने ग्लास भरून काढायची ताकद आहे. माझं मत, आधी हीच सिट्रावाली बॅच वरच्या ग्रॅमने आणि आरओच्या पाण्याने परत करा. ती मनासारखी झाली की माल्ट, पाणी, यीस्ट, तापमान काहीही न बदलता फक्त हॉप कॅस्केड करा, कडूपणाच्या दोन टाकण्यांचे ग्रॅम अल्फाच्या हिशोबाने वाढवून, व्हर्लपूल आणि ड्राय हॉपचे ग्रॅम तेवढेच ठेवून. मग दोन्ही ग्लास शेजारी ठेवून प्या, आणि तिसऱ्या रिकाम्या ग्लासात अर्धं-अर्धं ओता. मिश्रण कसं लागेल ते तिथेच कळेल, त्यासाठी नवीन बॅच वाया घालवायची गरज नाही, आणि प्रमाण सत्तर-तीस आवडतंय की पन्नास-पन्नास हेही सिनियरांना बरोबर बसवून ठरवता येईल.

आधीच्या कडू बॅचचं काय करायचं हेही विचारलं होतंत. कडूपणा काढता येत नाही, पाणी घालून पातळ करू नका. दोन-तीन महिने थंड ठेवलीत तर धार थोडी उतरेल, वास परत येणार नाही. स्वयंपाकघराला द्यायची असेल तर पकोड्याच्या पिठात चालते, रस्सा-ग्रेव्हीत नको कारण आटवल्यावर कडूपणा अजून वाढतो.

पाकिटावरचा अल्फा, पिकाचं वर्ष आणि पाण्याचा रिपोर्ट हाताशी आला की इथेच लिहा, पहिल्या दोन टाकण्यांचे नेमके ग्रॅम आणि लॅक्टिक ॲसिड किती लागेल ते काढून देतो.